मारामारीच्या आधीचं बोलणं

आबांचं बोलणं गेलं तेव्हा त्यांच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या. "नाही" हा एक शब्द आणि एक शिवी. शिवी मात्र अख्खी, स्वच्छ, पूर्वीच्याच जोरात यायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की झटक्यानंतर असं होतं. तोंडात बसलेली शिवी, पाठ असलेली आरती, एकापासूनचे आकडे राहू शकतात आणि विचार करून बोलायचं ते अडतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आरती राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

आबा म्हणजे माझे सासरे. सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात आम्ही चौघं. आबा, सासूबाई, माझे यजमान आणि मी. शेत इच्छापूरजवळ, सगळी केळी. आबा रोज सकाळी मोटरसायकलवरून शेतात जायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. यजमानांनी शेती घेतली नाही. त्यांचं बाजारात मोटारी बांधायचं दुकान आहे, जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरतात. मी सकाळच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. माहेर जळगावचं, लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्या सहा वर्षांत आबा आणि मी एकमेकांशी किती बोललो असू? "जेवायला वाढलंय." "गाडी आली का?" "पाऊस येईल, कपडे काढ." एवढंच. त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घ्यायची आणि कामापुरतं बोलायची. त्यांच्या स्वभावात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे सासरा आणि सून यांच्यात बोलणं असतंच असं नाही, इतकंच.

दुपारी जेवण झालं की आबा टीव्ही लावायचे. दक्षिणेतले, हिंदीत बोल भरलेले मारामारीचे सिनेमे. एकेका ठोशाला भांडी हलावीत असा आवाज. मी मराठी साहित्य घेऊन एम.ए. केलेलं. त्या आवाजाला कंटाळून मी वह्या तपासायला जिन्यावरच्या खोलीत जाऊन बसायची आणि दार लावून घ्यायची. एवढा शहाणा माणूस, सगळ्या गावाची भांडणं मिटवतो आणि बघतो काय, असं माझ्या मनात यायचं.

झटका आला तो शेतात, केळी कापायच्या दिवशी. मोटरसायकल लावता लावता पडले. महिनाभराने काठी घेऊन चालायला लागले, उजवा हात मात्र अंगाला चिकटून राहिला आणि शब्द आले नाहीत. "चहा घेता का?" विचारलं की "नाही" म्हणायचे आणि डावा हात पुढे करायचे. सासूबाईंना कळायचं. दुसऱ्या कोणाला कळायचं नाही, आणि मग शिवी यायची. शिवी देऊन झाल्यावर ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

जळगावला माझ्या माहेराजवळ वाणीवर उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. पंधरा दिवसांनी एकदा मी आबांना त्यांच्याकडे न्यायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच गेलो होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, "यांना सगळं समजतं. शब्दही आत आहेत. बाहेर यायची वाट बंद झालीये, दुसरी वाट पाडायची आहे. रोज एक तास बसावं लागेल. कोण बसेल?"

यजमान खाली बघत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बसेन," मी म्हणाले.

बाईंनी चित्रांची पाकिटं दिली. पोपट, सफरचंद, छत्री, बैलगाडी. तशीच चित्रं माझ्या शाळेत बालवर्गाला असतात. मी आबांसमोर पाट घेऊन बसले, डोक्यावरचा पदर सावरला आणि पोपट वर धरला. "आबा, हे काय आहे?"

त्यांनी पोपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी त्यांनी पोपट माझ्या हातातून ओढला आणि कोपऱ्यात फेकला. मला रडू आलं नाही, राग आला. पण राग त्यांचा नव्हता. ज्या माणसाने चाळीस वर्षं व्यापाऱ्यांशी तोंडाने व्यवहार केला त्याला मी पोपट विचारत होते. माझी काही चूक होतेय हे कळत होतं, काय करायचं ते कळत नव्हतं. त्या दिवशी मी चित्रं उचलली, पाकिटात भरली आणि टीव्ही लावून दिला. म्हटलं, निदान त्यांची दुपार तरी त्यांची त्यांना मिळू दे.

सिनेमा अर्धा झालेला होता. बंदरावर काम करणारे दोन मित्र. एकाला मारामारीत लागलेलं आणि दुसरा हसत हसत त्याला पट्टी बांधतोय. मी वह्या घेऊन तिथेच बसले होते, कारण आता त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. मागून आवाज आला, "धो..."

मी वळून पाहिलं. आबांची मान पुढे आली होती, ओठ ताणले होते. "धो... धो..." आणि तिसऱ्यांदा, "धोका."

मी वही खाली ठेवली. "कोण धोका देणार, आबा?"

त्यांनी डाव्या हाताने पट्टी बांधणाऱ्याकडे बोट केलं.

जाहिराती झाल्या, एक गाणं झालं आणि त्याच मित्राने पहिल्याला शत्रूच्या हाती दिलं. मी विचारलं, "हा सिनेमा तुम्ही आधी पाहिला होता?" ते म्हणाले, "नाही." त्यांच्या "नाही"वर तेव्हा भरवसा नव्हता, म्हणून मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारते? मला सगळे सारखेच दिसतात."

मग आबांनीच सांगितलं. आधी स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवलं, मग पडद्याकडे दाखवलं आणि नजर बाजूला फिरवली. तो मित्र हसत होता पण ज्याला पट्टी बांधतो त्याच्या डोळ्यांत बघत नव्हता. मी एम.ए. होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तार आणून मोबाइल टीव्हीला जोडला. हवा तिथे सिनेमा थांबवता येईल, एवढंच मला पाहिजे होतं. घरात कोणाला ते पटलं नाही. सासूबाईंना हरिपाठ लावायचा होता. यजमान म्हणाले, "ब्लड प्रेशरच्या माणसाला मारामारी दाखवून राहिली तू. डॉक्टरांनी शांत ठेवा म्हटलंय." मी जळगावच्या बाईंना फोन लावला आणि यजमानांच्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "ज्यात त्यांचं मन आहे तेच वापरा. प्रेशर रोज मोजा आणि लिहून ठेवा." यजमानांनी फोन परत दिला आणि दुकानात निघून गेले. आबांच्या खोलीत ते तसेही थांबायचे नाहीत. सकाळी उंबऱ्यात उभं राहून "बरं आहे का?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चपला घालायचे.

आमचं काम सुरू झालं. दुपारी दोन ते तीन. मी सिनेमा थांबवायची आणि विचारायची. हा कोण? हा त्याचा कोण लागतो? याला काय पाहिजे? आता हा काय करणार? एक वही केली होती, त्यात रकाने आखले. पहिले चार याच प्रश्नांचे. पाचवा मी पुढे वाढवला, तो आबांमुळे. त्याला मी नाव दिलं, "काय बोलत नाही."

झालं असं की काही दिवसांनी मला एक लक्षात आलं. मारामारी सुरू झाली की आबा सैल व्हायचे. उशीला टेकायचे, चहाकडे बघायचे, कधी डुलकी घ्यायचे. ते ताठ बसायचे मारामारीच्या आधी, जेव्हा दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि बोलतात. किंवा बोलत नाहीत. एवढी वर्षं मी दार लावून घेत होते ते ज्या आवाजामुळे, त्या आवाजाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

एका सिनेमात ट्रक चालवणारा एक तरुण होता आणि त्याला गाडी शिकवणारा उस्ताद. उस्ताद आता खाणमालकाच्या पदरी होता. शेवटी खाणीत दोघांची गाठ पडते. उस्ताद मारतो, तरुण मार खातो. मी थांबवलं. "हा हात का उचलत नाही, आबा? याच्यात ताकद नाही का?"

आबांनी नाही अशी मान हलवली. बराच वेळ लागला. मी मध्ये काही बोलले नाही, बाईंनी तसं बजावलं होतं. दारात सासूबाई होत्या, त्यांना राहवेना. "अगं, त्याने त्याला..." त्यांनी सुरुवात केली.

"आई, त्यांना बोलू द्या."

"मी चाळीस वर्षं त्यांच्या वतीने बोलून राहिली."

"म्हणूनच म्हणते."

आबा म्हणाले, "गाडी... शिकवली." दोन शब्द जोडून आलेले ते पहिलेच. मी विचारलं, "मग?" पुन्हा वाट पाहिली. "हात... कसा... टाकणार?"

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि आत गेल्या. मी ते वाक्य वहीत लिहिलं. झटक्याला तेव्हा चौथा महिना होता.

त्यांची आवडती माणसंही मला कळायला लागली. नायक त्यांना फारसा आवडायचा नाही. खलनायकाच्या मागे उभा राहणारा एक माणूस प्रत्येक सिनेमात असतो, दार उघडणारा, डोक्यावर छत्री धरणारा. पहिल्याच झटापटीत तो मरतो. असा माणूस दिसला की आबा म्हणायचे, "बिचारा." एकदा मी विचारलं, "बिचारा कसा? गुंड आहे तो."

"घर... नाही," आबा म्हणाले.

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच, पूर्ण सिनेमात त्या माणसाचं घर कुठे दाखवलं नव्हतं, आई नाही, बायको नाही, नाव घेऊन त्याला कोणी हाक मारली नव्हती. तो दुसऱ्याच्या भांडणासाठी उभा होता. त्या दिवशी आमचा एक तास सरला तरी आम्ही त्याच्यावरच बोलत होतो. माझी बारा वाक्यं, त्यांचा एक शब्द, असं ते बोलणं. पण बोलणं होतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर कधी आला ते मला आठवत नाही.

सगळे दिवस असे गेले नाहीत. आठवडेच्या आठवडे एकही नवा शब्द यायचा नाही. आलेला शब्द दुसऱ्या दिवशी गायब व्हायचा. "भाऊ" म्हणायला जायचे आणि "भाकर" यायचं आणि ते स्वतःवरच एवढे चिडायचे की रिमोट भिंतीवर आपटायचे. असे दोन रिमोट गेले. मी शाळेतून येऊन दमलेली असायची. पण मी ठरवलं होतं की दोन वाजता पाट मांडायचा म्हणजे मांडायचा. ताप असो, पाहुणे असोत, त्यांचं मन नसो. एकदा त्यांनी टीव्हीकडे पाठ केली तेव्हा मी एकटीनेच सिनेमा बघितला आणि मुद्दाम चुकीची उत्तरं मोठ्याने देत बसले. "हा याचा मेहुणा दिसतो." पाठ करूनच आबा म्हणाले, "नाही. साडू." तो खरोखरच साडू निघाला.

पुढे आम्ही गोष्ट सांगायला लागलो. बाईंनीच सुचवलं होतं. सिनेमा संपला की टीव्ही बंद करायचा आणि आबांनी सांगायचं, आधी काय झालं, नंतर काय झालं. हे दोन शब्द त्यांना फार जड गेले. आधी आणि नंतर. पोरगा घरातून निघाला म्हणून बाप मेला, की बाप मेला म्हणून पोरगा निघाला? मी डावी मूठ मिटून "आधी" आणि उघडून "नंतर" असं दाखवायची. तेही दाखवायचे. महिनाभर आम्ही दोघं मुठी उघडत मिटत बसलो होतो.

मग तो सिनेमा आला, ज्यात एक काकू होती.

नायक पुष्कळ वर्षांनी गावात परत येतो. त्याला वाटतं की आपल्या बापाला चुलत्याने मारलं. काकूला खरं माहीत असतं. बाप पुरात वाहून गेलेला असतो आणि चुलत्याने त्याला वाचवायचा प्रयत्न केलेला असतो. पुतण्याने विचारलं तर चुलता मानीपणाने काही सांगत नाही. काकू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते, बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात कोणीतरी येतं. असं चार वेळा होतं आणि तिकडे पोरं तलवारी काढतात.

चौथ्या वेळी आबांनी पलंगावर मूठ मारली. "बोल!" मग आणखी जोरात, "बोल ना... बाई!"

त्यांचा आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. मी सिनेमा थांबवला आणि सवयीने प्रश्न विचारला. "ती का बोलत नाही, आबा?"

"भीती."

"कोणाची?"

ते पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत राहिले. "दोघांची," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चूक."

वही मिटली, पाणी प्यायला म्हणून उठले आणि मोरीजवळ उभी राहिले.

कारण आमच्या घरात दारात उभी असलेली ती बाई मी होते. आबा पडले त्या सकाळी काय झालं होतं ते यजमानांनी फक्त मला सांगितलं होतं. केळीच्या कापणीला माणसं आणि गाडी येणार होती. आबा म्हणाले, आज शेतात चल, माझ्याबरोबर उभा राहा. यजमानांना एका शेतकऱ्याची मोटार दुपारच्या आत द्यायची होती. बोलाचाली वाढली. यजमान म्हणाले, "तुमची केळी तुम्ही पाहा, मला त्यात ओढू नका." आबा मोटरसायकल काढून गेले आणि दोन तासांनी फोन आला. तेव्हापासून माझ्या नवऱ्याला वाटत होतं की बापाचं तोंड आपणच बंद केलं. म्हणून तो खोलीत थांबत नव्हता. आणि इकडे आबा रोज सकाळी उंबऱ्याकडे बघत असायचे, मुलगा चपला घालून गेला की भिंतीकडे वळायचे. त्यांना वाटत होतं की मुलाला आता आपला कंटाळा आलाय. दोन्ही बाजू मला दिसत होत्या आणि मी गप्प होते. नवऱ्याने कोणाला सांगू नको म्हटलं होतं. आबांचं प्रेशर वाढेल अशीही भीती होती. आणि सुनेने बापलेकात बोलू नये, हेही होतंच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता दुकानात गेले. वार्निशचा वास भरलेला होता. यजमान खाली बसून एका मोटारीतली जळकी तार ओढून काढत होते.

"तुम्ही आबांशी त्या सकाळचं बोला," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "काय बोलू? तुमचं तोंड मी घालवलं म्हणू?"

"जे वाटतं ते म्हणा. ते समजतात. त्यांना सगळं समजतं."

"म्हणूनच नको."

"मग मी बोलते."

"तू मध्ये पडू नको."

"मी मध्येच आहे," मी म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत तर या आठवड्यात मी आबांना विचारणार. तुम्हाला सांगून विचारतेय, लपून नाही."

त्यांनी तार ओढायची थांबवली आणि पक्कड खाली ठेवली. मी घरी आले आणि दोन वाजता पाट मांडला.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी अकरापासून लाइट गेली. लाइट नाही म्हणजे दुकानात काम नाही. अडीचच्या सुमाराला यजमान घरी आले. टीव्ही बंद, पंखा बंद. सिनेमा नव्हता म्हणून आबा आणि मी आदल्या दिवशीच्या सिनेमाची गोष्ट सांगत बसलो होतो. मी मूठ मिटायची, ते सांगायचे. सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या.

यजमान उंबऱ्यात थांबले. मग आत आले आणि आबांच्या पायाशी पलंगावर बसले. मी उठायला लागले तर म्हणाले, "तू बस."

मग ते म्हणाले, "आबा, त्या दिवशी सकाळी मी तसं बोलायला नको होतं. मी बोललो आणि मग तुम्हाला हे झालं."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं नाही. पण त्यांचा डावा हात हलला. मूठ मिटली. "आधी," ते म्हणाले.

"काय आधी?" यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे बोट केलं.

"चहा," आबा म्हणाले. "ग्लास... पडला."

सासूबाईंच्या हातातली शेंग थांबली. "हौ," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी यांच्या हातातून ग्लास पडून फुटला होता. मी म्हटलं, हात ओला असेल."

आबांनी जोरात मान हलवली. डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि मांडीवर टाकला. "हात... गेला. आधी." मग त्यांनी डावी मूठ उघडली, अगदी मी उघडते तशी. "भांडण... नंतर."

आणि मुलाकडे बोट केलं. "तू... नाही."

यजमान उठले आणि मोरीकडे गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा तोंड ओलं होतं आणि ते रागावलेले होते. "हात चालत नव्हता आणि तुम्ही मोटरसायकलवर इच्छापूरला गेले? सांगितलं का नाही तेव्हाच?"

"गाडी... येणार," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते पुरेसं होतं.

"गाडी गेली असती खड्ड्यात. मला नीट सांगितलं असतं की हात बधिर होऊन राहिला, तर मी आलो नसतो का? नुसतं चल चल म्हणत होते."

"तू... ऐकतो... कुठे?"

"तुम्ही सांगता कुठे?"

आबांनी शिवी दिली. पूर्वी द्यायचे तशीच, मुलाला द्यायची ती. सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. मी शेंगांची टोपली उचलून आत गेले, कारण तिथे आता माझं काम नव्हतं. आतून मला दोघांचे आवाज ऐकू येत होते. एक लांब लांब वाक्यांचा आणि एक तुटक.

आबा पूर्ण बरे झाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक विचारतात तेव्हा त्यांना तसंच ऐकायचं असतं. आज दोन वर्षांनी ते तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात. फोनवर बोलता येत नाही. अनोळखी माणूस समोर आला की पुन्हा सगळं अडतं. उजव्या हाताने कागद दाबून धरता येतो, त्यापलीकडे काही नाही. शेत आता बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलंय. रविवारी यजमान त्यांना मागे बसवून तिकडे नेतात, आबा बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि बटईवाल्याच्या चुका काढतात. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं वेळेवर कापली नाहीत, पाणी जास्त दिलं. त्यासाठी लागणारे शब्द त्यांना सगळे येतात.

दुकानात काम कमी असलं की यजमान दुपारी सिनेमाला येऊन बसतात. त्यांना मारामारी आवडते, तेवढी उलटी फिरवून पुन्हा बघतात आणि आबा वैतागतात. बापलेकांचा वाद होतो की धोका कोण देणार. आबाच बहुतेक वेळा बरोबर असतात. मी आता वही घेत नाही, पण माझी नजर कायमची बदलली. शाळेत दोन मुलं एकमेकांची कॉलर धरतात तेव्हा कोणी आधी मारलं हे मी आधी विचारत नाही. हा तुझा कोण, हे विचारते. मित्र, म्हणतात बहुतेक वेळा. मग सकाळपासून काय काय झालं ते दोघांकडून ऐकते, आणि ऐकायला वेळ काढते.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याला पावसाळ्यात झटका आला, तो पॉवरलूमवर कामाला होता. "तुमच्या आबांना तुम्ही बोलतं केलं म्हणतात," ती म्हणाली. "आम्ही पण टीव्ही लावला, ते बघतच नाहीत."

मी विचारलं, "त्यांना कशाची आवड होती?"

"कशाचीच नाही हो. काम आणि घर."

"असं नसतं," मी म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी ते कुठे जाऊन उभे राहायचे?"

तिने विचार केला. वीस वर्षांचा संसार, पण हे तिने कधी पाहिलं नव्हतं. माझंही आधी तसंच होतं, हे मी तिला सांगितलं. आबा पलंगावरून ऐकत होते. ते म्हणाले, "मित्र... विचार." ती नवऱ्याच्या कारखान्यातल्या सोबत्यांकडे जाऊन विचारणार आहे. सोमवारपासून शाळा सुटल्यावर मी अर्धा तास तिच्याकडे जाणार आहे. सासूबाईंनी दुपारच्या चहाची वेळ अर्धा तास पुढे ढकलली आहे.